भांडणातलं तिसरं माणूस

वाड्यात मार आपल्याच आईकडून मिळायचा. चूक कोणाचीही असो. नागपूरच्या महाल भागात, चिटणीस पार्कच्या मागच्या बाजूला आमचं एकत्र कुटुंब राहत होतं. मोठे बाबा (बाबांचे थोरले भाऊ), त्यांची बायको म्हणजे मोठी आई, आम्ही, दोन काका, दोन काकू, आजी, आणि सख्खी-चुलत धरून पोट्ट्यांची एक पलटण. अंगणात भांडण लागलं, कोणी कोणाचं डोकं फोडलं, की चारही आया हातातलं टाकून धावत यायच्या आणि प्रत्येकजण आपापल्या लेकराच्या पाठीत धपाटा घालून त्याला आत ओढून न्यायची. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. जावेच्या पोराला हात लावायची सोयच नव्हती. लावला तर ते भांडण मुलांचं उरत नसे. रात्री पुरुषांच्या पंगतीपर्यंत जायचं आणि तिथून पुढे दोन-दोन महिन्यांच्या अबोल्यापर्यंत. त्यापेक्षा आपलं पोर बडवलेलं स्वस्त.

त्यात आजी ओसरीवर बसलेली. कोणती सून आपल्या पोरांचे लाड करते याचा हिशोब ती तोंडाने बोलत नसे, पण ठेवत होती. त्यामुळे संत्रा बर्फीचा डबा उघडला की आमची आई आधी मोठ्या आईच्या धाकट्याला द्यायची, मग काकूंच्या पोरांना, आणि तळाशी उरलेले तुकडे आम्हाला. दादा चिडायचा, मी रडायची. "काऊन रडून राहिली वं? घरात तू एकटीच हायस का?" हे आईचं ठरलेलं वाक्य. घरात मी एकटीच नव्हते हे मला चांगलंच दिसत होतं, माझं रडणं त्याचंच तर होतं.

आई-मुलांच्या भांडणाविषयी आपल्याकडे बोललं जातं ते नेहमी दोघांपुरतं. पोरगी हट्टी आहे. आई कडक आहे. पत्रिकाच जुळत नाहीत, दोघींची रास एक आहे, म्हणून खटके उडतात. मला वाटतं दोघांचं भांडण असं फारसं नसतंच. त्यात एक तिसरं माणूस उभं असतं, आणि बहुतेक वेळा ते गप्प असतं. कधी ते पाळण्यात असतं, कधी ओसरीवर, कधी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत. घरात एक माणूस आलं किंवा गेलं की आई बदलत नाही आणि मूलही बदलत नाही, पण भांडण बदलतं. मी हे माझ्या घरात पाहिलं, मैत्रिणीच्या घरात त्याहून जास्त पाहिलं.

धाकटी झाली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई बाळंतपणाला आर्वीला माहेरी गेली आणि मला मोठ्या आईच्या गोधडीत ठेवून गेली. परत आली ती कुंची घातलेलं गाठोडं घेऊन. तिथून पुढचे काही महिने आई तिला पाजायला बसली की नेमकी तेव्हाच मला तहान लागायची. माठ दोन पावलांवर, पण पाणी आईनेच द्यायला हवं. तिला न्हाऊ घालायला बसली की माझ्या वेणीची रिबन सुटायची. "आताच सुचलं का तुले?" असं आई म्हणायची. हो, आताच.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की इंग्लंडमधल्या केंब्रिजला ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोघींनी नेमकं हेच 40 घरांत जाऊन, बसून पाहिलं होतं. पहिलं मूल लहान आणि दुसरं येऊ घातलेलं, अशी घरं. दुसरं जन्मण्याआधी पाहिलं, नंतर पाहिलं. त्यांचं काम 1982 साली पुस्तकरूपाने आलं. बाळ घरी आल्यावर आईचं पहिल्याशी खेळणं कमी झालं, दटावणं वाढलं, आणि मोठ्याचे मुद्दाम केलेले उद्योग सगळ्यात जास्त व्हायचे ते आई बाळाला घेऊन बसलेली असताना. म्हणजे माझी तहान आणि केंब्रिजमधल्या कुठल्यातरी पोराने सांडलेलं दूध एकाच जातीचं. त्यातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या आया मोठ्या मुलाशी बाळाविषयी माणसासारखं बोलत, म्हणजे ते का रडत असेल, त्याला काय हवं असेल असं विचारत, त्या घरांतली भावंडं पुढेही एकमेकांशी बरी वागली. आमच्याकडे हे काम आईने केलं नाही. तिला वेळ कुठला? ते मोठ्या आईने केलं. "तिले बोलता नाही येत ना, म्हणून रडते. तू सांग बरं तिले काय पाहिजे," असं म्हणून ती मला बाळाची वकील करून टाकायची. मग मी आईकडे धाकटीच्या वतीने तक्रारी घेऊन जाऊ लागले. आईला डोक्याला ताप तेवढाच, पण बाजू बदलली होती.

1984 साली आम्ही वाडा सोडला. बाबांनी मानेवाड्याकडे एका लेआउटमध्ये प्लॉट घेऊन दोन खोल्या काढल्या होत्या. आजूबाजूला रिकामे प्लॉट, बाभळी, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आईचा चेहरा त्या दिवसांत इतका मोकळा होता की फोटोतही दिसतो. ओसरीवर कोणी बसलेलं नाही, डबा उघडला तर आधी कोणाला द्यायचं हा प्रश्न नाही. आणि खरोखर, मार थांबला. जवळजवळ एकदमच थांबला.

पण भांडणं लांबली. वाड्यात धपाटा बसला की पाचव्या मिनिटाला मोठ्या आईच्या मांडीवर जाऊन पडता यायचं. ती काही न विचारता डोक्यावरून हात फिरवायची आणि तिकडे आईही राग विसरून पोळ्या लाटायला लागायची. लेआउटमध्ये मारणारी आणि समजूत घालणारी एकच. रागावली तीच, मग जायचं कोणाकडे? आईलाही तसंच होतं. वाड्यात दुपारी चार जावा मिळून पोरांना शिव्या घालत गहू निवडत. इथे ती एकटी खिडकीशी बसून शेंगा सोलायची आणि संध्याकाळी आम्ही शाळेतून आलो की दिवसभराचं सगळं आमच्यावर निघायचं. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. त्या घरात सुनांचं काय होतं ते मला माहीत आहे, आणि परत तिथे राहायला जा म्हटलं तर माझी आई सगळ्यात आधी नाही म्हणेल. तरी चार आयांमध्ये विभागलेला राग एकीच्या गळ्यात आला की तो वेगळाच लागतो, एवढं खरं.

लेआउटमधला आमचा खरा रणसंग्राम कूलरसमोरचा. ज्याने नागपूरचा मे काढलेला नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. पारा 45च्या आसपास, दुपारी लाइट जायची, आणि घरात एकच कूलर, तोही लोखंडी पत्र्याचा, गरगर आवाज करणारा. त्याच्या समोर एक माणूस नीट झोपू शकतं, दोन माणसं भांडत झोपू शकतात. तिसऱ्याला कोमट वारा. दादा दहावीला, म्हणून जागा त्याची. धाकटी लहान, घामोळ्यांनी लाल झालेली, म्हणून जागा तिची. मी मधली. मला कारणच नव्हतं. टाकीत पाणी भरायचं काम मात्र माझं. "तू समजदार हायस," आई म्हणायची. तिघांत मधल्या पोराला समजदार ठरवून टाकणं हा आयांचा जुना उद्योग आहे आणि मला तो आजही मान्य नाही.

त्या कूलरवरून मी आईशी जितकी भांडले तितकी दादाशी किंवा धाकटीशी कधीच भांडले नाही. हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. जागा घेतली होती त्या दोघांनी, राग आला आईचा.

असं का होतं याचं एक उत्तर जीवशास्त्रात आहे, आणि ते ऐकायला जरा कोरडं आहे. रॉबर्ट ट्रिव्हर्स नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1974 साली आईबाप आणि पिल्लांमधल्या संघर्षावर एक निबंध लिहिला. त्याचा हिशोब साधा आहे. आईला तिची सगळी लेकरं सारखी, प्रत्येकात तिचा निम्मा वाटा. लेकराच्या बाजूने मात्र ते स्वतः म्हणजे पूर्ण एक, सख्खं भावंड म्हणजे निम्मं, आणि आई तीच पण बाप वेगळा असेल तर ते भावंड म्हणजे पाव. त्यामुळे आईला जी वाटणी समान वाटते ती लेकराला कमीच वाटणार. त्याला स्वतःकडे थोडं जास्त हवं असणार, आणि भावंड जितकं दूरच्या नात्याचं तितकं ते 'थोडं' वाढत जाणार. कोणी मनात आकडेमोड करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जी ओढ टिकली तिचा हा हिशोब आहे. आणि वाटणी करणारी आई असल्यामुळे तक्रारही तिच्याकडेच जाणार.

रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्यांवर हे फुकटात बघायला मिळतं. काळ्या तोंडाची वानरं तिथे भरपूर. लहान पिलू पोटाला चिकटलेलं असतं ते ठीक, पण जरा मोठं झालेलं पिलू दूध प्यायला आलं की वानरीण त्याला हाताने बाजूला सारते. ते परत येतं. ती परत सारते, तोंड फिरवते. मग ते पिलू पायरीवर अंग टाकून असा काही आकांत करतं की दर्शनाला आलेल्या बायकासुद्धा थांबून "अगं दे ना वं त्याले" म्हणतात. वानरीण ऐकत नाही. तिच्या अंगात अजून एका पिलाची सोय व्हायची असते.

डेव्हिड हेग या जीवशास्त्रज्ञाने 1993 मध्ये हे आणखी मागे नेलं, थेट पोटात. वारेतून निघणारी संप्रेरकं आईच्या रक्तातली साखर चढती ठेवू पाहतात, कारण बाळाला ती हवी असते. आईचं शरीर जास्त इन्सुलिन सोडून ती खाली आणू पाहतं. म्हणजे कूलरच्या जागेवरून होणाऱ्या भांडणाची तालीम बारशाच्या आधीच झालेली असते.

याच हिशोबाचा एक किस्सा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या नावावर सांगतात. भावासाठी जीव द्याल का, असं विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, एकासाठी नाही, पण दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी देईन. हे हॉल्डेन 1957 साली भारतात येऊन राहिले, इथले नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. ते नागपूरला, त्यातही महालात, दोन दिवस राहिले असते तर चुलत भावांचा आकडा त्यांनी वाढवला असता. भोसल्यांच्या गादीवरचा परसोजी 1817 साली मारला गेला तेव्हा संशय त्याच्या चुलत भावावर, आप्पासाहेबावरच गेला होता.

आता मैत्रिणीचं. ती माझी शाळेपासूनची. तिचे वडील ती दुसरीत असताना गेले. आई काटोलकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चार वर्षं मायलेकी दोघीच होत्या. एक खोली, एक ताट, रात्री एकाच चादरीत. आई तिच्याशी पगाराच्या गोष्टीही बोलायची, घरमालकाला काय सांगायचं तेही विचारायची. ती अकरा वर्षांची असताना आईने दुसरं लग्न केलं, शाळेतल्याच एका सहकाऱ्याशी. नातेवाईक म्हणाले, आता पोरीचे हाल. सावत्र बाप पोरीला छळणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

तसं काही झालं नाही. त्या माणसाला ती काका म्हणायची, ते तिला सायकल शिकवायचे, दोघांचं मजेत चालायचं. भांडण पेटलं ते मायलेकींचं, आणि असं पेटलं की शेजारी दार लावून घेत. स्वयंपाकघरात कुंडा कुठे ठेवायचा यावरून. वेणी कोण घालून देणार यावरून. आईने नवी साडी नेसली यावरूनसुद्धा. वर्षाभराने भाऊ झाला आणि भांडणाला आणखी खाद्य मिळालं. ती मला नंतर एकदा म्हणाली, "काकांवर मी कशाला रागावू? त्यायनं माझं काय घेतलं होतं? आईनंच दिलं ना."

अमेरिकेत व्हर्जिनियात मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1970च्या दशकापासून घटस्फोट झालेल्या आणि पुन्हा लग्न झालेल्या घरांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. तिथे दिसलं ते असं: नवरा गेल्यावर एकट्या आईचं बिनसतं ते बहुतेक मुलाशी, हुकूम आणि नकार यांचं चक्र चालू राहतं. मुली मात्र आईच्या जवळ येतात. आई पुन्हा लग्न करते तेव्हा चित्र फिरतं, आणि मुलींना ते जास्त जड जातं. जितकी जवळीक आधी होती तितकं गमावण्यासारखंही असतं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या मैत्रिणीची ती एक खोली डोळ्यांपुढे आली. तिथे तिची आई फक्त आई नव्हती, आणि तीही फक्त लेक नव्हती. लग्नाने तिला नुसता बाप मिळाला नाही, तिची बढती काढून घेतली गेली.

आपल्याकडे विधवेच्या दुसऱ्या लग्नात लेकराचा प्रश्न कायद्यानेच अडकवून ठेवला होता. 1856चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत सुधारणा म्हणून शिकतो, आणि ती होतीच. पण त्याच कायद्यात असंही होतं की लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो, आणि त्याचे नातेवाईक मुलांचं पालकत्व मागायला कोर्टात जाऊ शकतात. लग्न कर, पण घर आणि कदाचित लेकरूही इथेच ठेव. तो कायदा 1983 साली रद्द झाला, पण नातेवाइकांच्या तोंडची भाषा कायद्याबरोबर रद्द होत नाही. मैत्रिणीचे आजोबा तिला सुट्टीत न्यायला यायचे तेव्हा दारातच म्हणायचे, "आमची पोरगी आहे, आमचं आडनाव लावते." ते वाक्य आईला उद्देशून असायचं, फक्त लेकीच्या डोक्यावरून जायचं. परत आल्यावर आठवडाभर घरात धुमश्चक्री.

आडनावावरूनच त्यांचं सगळ्यात मोठं भांडण झालं, दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरताना. आईचं म्हणणं, घरातल्या चौघांचं एक आडनाव असू दे, पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासे करावे लागणार नाहीत. लेकीचं म्हणणं, माझ्या बाबांचं आता तेवढंच उरलंय. दोघींचंही बरोबर होतं, आणि तेच वाईट होतं. शेवटी जुनंच आडनाव राहिलं. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका प्रकरणात निकाल दिला तेव्हा मी तो तिला लगेच पाठवला. तिथे वडील गेले तेव्हा मूल तान्हं होतं, आईने दुसरं लग्न केलं, आणि आजी-आजोबा कोर्टात गेले. मुलाला जुनं आडनाव लावा आणि कागदोपत्री नव्या नवऱ्याची नोंद सावत्र वडील अशी करा, असं उच्च न्यायालयाने सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. आडनाव ठरवायचा अधिकार आईला आहे आणि सावत्र वडील अशी नोंद करायला लावणं हे मुलाच्या मनाचा विचार न करता केलेलं, जवळपास क्रूर म्हणावं असं आहे, असं म्हटलं. मैत्रिणीने वाचून उत्तर पाठवलं, "आईचा अधिकार आहे, बरोबर आहे. पण ते पोरगं पंधराचं असतं तर त्याले विचारायला पाहिजे होतं."

आणि तो भाऊ? ट्रिव्हर्सच्या हिशोबाने पाव. तिने त्याला कडेवर घेऊन अख्खं काटोल फिरवलं. तो बारावीत असताना त्याच्या क्लासची फी तिने तिच्या पहिल्या नोकरीतून भरली, आणि काकांना ते कळू दिलं नाही. मग हिशोब खोटा का? तसंही मला म्हणायचं नाही. आईशी तिचं जे झालं ते त्या हिशोबात चपखल बसतं. पण रोज संध्याकाळी जे लेकरू दारात उभं राहून "ताई आली" म्हणून ओरडतं त्याला त्या हिशोबात बसवायला खाना नाही. आईवरचा राग आणि भावावरची माया तिच्यात शेजारी शेजारी राहिली, एकमेकींना न विचारता.

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी पिठोरी अमावास्या असते. संध्याकाळी बैल वगैरे झाले की आई खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरून, आमच्याकडे पाठ करून बसायची आणि विचारायची, "अतीत कोण?" मागून आम्ही एकेकाने आपलं नाव सांगायचं आणि ताट घ्यायचं. मोठा आधी, मग मी, मग धाकटी. वर्षातला हा एकच प्रसंग होता जिथे आई कोणाला काय देते ते न बघता देत होती. तिघांच्या पुऱ्या मोजायची खोड दादाला होती, आणि त्या नेहमी सारख्याच निघायच्या. धाकटीला तिसरा नंबर मान्य नव्हता. एकदा ती दादाच्या आधीच ओरडून मोकळी झाली. आईने मागे वळून न पाहताच ताट वर धरून ठेवलं आणि म्हणाली, "थांब, तुझी पाळी यायची हाय."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आजोबांनी दादासाठी सुताराकडून चाकांचा लाकडी बैल करून घेतलेला, शिंगांना पितळी टोपणं. तो घेऊन घरोघर जायचं, बोजारा मिळायचा. मी मागितला तर आई म्हणाली, हा पोट्ट्यायचा सण हाय. आता मुलीही सजून बैल घेऊन निघतात, स्पर्धेत बक्षिसं घेतात. तेव्हा नाही. कूलरपेक्षा हे वेगळं होतं. कूलरला निदान दहावी आणि घामोळं अशी कारणं होती. इथे मी मागे होते ते मुलगी म्हणून, आणि ते मला सांगणारी आई स्वतः मुलगीच होती. त्याच दिवशी सकाळी मारबत निघते, म्हणजे मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात, आणि काळी ही इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बाकाबाई या भोसले घराण्यातल्या राणीच्या निषेधाची, असंही. गर्दी ओरडत असते, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. त्या वर्षी इतवारीच्या कोपऱ्यावर बाबांच्या खांद्यावर बसून मी ओरडले, "लाकडाचा बैल घेऊन जा गे मारबत!" बाबा हसले. घरी येऊन त्यांनी ते आईला सांगितलं. आई हसली नाही. पुढच्या वर्षी बोजाऱ्यातले अर्धे पैसे तिने दादाकडून काढून माझ्या हातावर ठेवले. बैल नाही दिला.

बाबा 2018 साली गेले. तोवर घरातल्या भांडणांना एक थांबा होता. आई आमची तक्रार बाबांकडे करायची, आम्ही आईची. ते वर्तमानपत्र बाजूला न करता "हो, हो" म्हणायचे, आणि बरंचसं तिथेच जिरायचं. ते गेल्यावर तक्रारी सरळ यायला लागल्या. दादा पुण्याला हिंजवडीत, धाकटी अमरावतीला, नागपुरात मी. म्हणजे आईची रोजची मी. गोळी घेतली का, कूलरऐवजी आता तरी एसी लाव, जिना एकटी चढू नकोस, एवढं बोलायला मी जाते आणि दोघींचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत. दादा रविवारी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा तीच आई मोगऱ्यासारखी फुललेली. दूर राहणारं पोर कधीच गोळीवरून भांडत नाही, त्याला भांडायला गोळी दिसतच नाही. दिवाळीला तो येतो, पुडाची वडी खातो, आईच्या हातचं काय ते जेवण म्हणतो, आणि जाताना मला दाराशी सांगतो, "आईशी जरा गोडीनं बोलत जा."

मागच्या उन्हाळ्यात धाकटी आठ दिवस राहायला आली होती. आम्ही दोघी गच्चीवर झोपलो होतो. बोलता बोलता कळलं की आई तिच्याकडे सतत माझं कौतुक करते. माझ्याकडे दादाचं करते. दादाला फोन लावला तर त्याच्याकडे धाकटीचं. तिघांनाही अर्धं आयुष्य वाटत आलं होतं की आईचं लाडकं आपण सोडून दुसरंच कोणीतरी आहे. दादा फोनवर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे वाड्यातलीच बर्फी." सकाळी आईला विचारलं तर ती म्हणाली, "तोंडावर कौतुक केलं तं पोट्टे शेफारतात," आणि दुधाचा हिशोब काढून बसली.

आता प्रश्न आहे पुण्याचा. दादाचं म्हणणं, या उन्हाळ्यात आईने तिकडे यावं, हवा बरी आहे, लिफ्ट आहे. धाकटीचं मत, आईला तिथे करमणार नाही. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, तरी मी दिलं. आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तिची अट सांगितली. महिनाभर येते, पण हिलेही सोबत घ्या. का, तर सुनेशी भांडता येत नाही, परक्याची लेक आहे. दादाशी भांडायची सवय उरली नाही. "मंग मी तिथं बोलू कोणाशी?"

दादाने गरीबरथची दोघींची तिकिटं काढली आहेत. खालचा बर्थ एकच मिळालाय.